भिंतीपासून हातभर

आमच्या ओळीत गाडी चालवणारी पहिली बाई माझी पत्नी. ती परसवाड्याच्या शाळेत शिकवायची. बस चुकली की अख्खा दिवस बुडायचा, म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर ती गाडी शिकली. मी आधीच निवृत्त झालेला मास्तर, शेजारच्या सीटवर पुस्तक घेऊन बसायचो. मला गाडी येत नाही. वैशाखात ती तापलेल्या स्टिअरिंगवर ओला टॉवेल टाकायची आणि म्हणायची, रिटायर झाले की हिच्यासाठी अंगणात शेड घालू, पण रीतसर, नगरपालिकेची परवानगी काढून. रिटायर व्हायला थोडे महिने उरले असताना ती गेली.

पुढच्या उन्हाळ्यात गाडी अंगणात तापत उभी दिसली की मला घरात बसवेना. मी स्वतः नकाशा काढून नगरपालिकेत दिला. मोहल्ला जुना, घरं लागून लागून, त्यामुळे शेजाऱ्यांची संमतीही लागत होती. शेजारच्या ऐंशी पार केलेल्या काकूंनी कागद हातातही घेतला नाही.

"काहून गा मास्तर, वरीस सरलं नाई अन् घराले खांब लावून राह्यला?"

घरात कोणी गेलं की वर्षश्राद्धापर्यंत आम्ही बांधकामाला हात लावत नाही. मला हे ठाऊक होतं, पण शेड हेही घराचंच काम, हे डोक्यात आलं नव्हतं.

"अन् गाडी चालवन कोन? तू तं सायकलवरून बी पडत होता."

"कोणी नाही. तिची गाडी आहे. सावलीत राहील."

काकूंनी मान फिरवली.

मग नगरपालिकेच्या इंजिनियरनेही नकाशा परत केला. "सर, पुराना मोहल्ला है. पुरानी दीवार पर वज़न नहीं डालेंगे. चार खंभों पर अलग खड़ा कीजिए." सोय म्हणून मी नकाशात पत्र्यांची एक बाजू घराच्या भिंतीवर टेकवली होती.

नवा नकाशा काढला: चार खांब, भिंतीपासून हातभर अंतर. पावसाचं पाणी त्यांच्याकडे येणार नाही, एवढंच सांगायला काकूंकडे गेलो. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे मधात काय हाय?"

"मोकळी जागा. शेड घराला टेकत नाही."

"कुठीच नाई?"

"कुठेच नाही."

"मंग हे घराचं काम कसं? मांडव टाकते मानूस, तसं झालं हे." त्यांनी सुनेकडून पेन मागवला. "इतका शिकला तू, पयलेच असं काहून नाई काढलं?"

परवानगी मिळाली, शेड उभं राहिलं. तपासणीला आलेला इंजिनियर म्हणाला, गाडी आत लावून दाखवा, दार उघडतं का पाहू. बॅटरी मी आदल्या दिवशीच भरून आणली होती. बाकी माझ्या हातात नुसती किल्ली. तेवढ्यात काकूंची सून पदर खोचत आली आणि तिने ती घेतली.

"मॅडमनं शिकवलं मले. रविवारी, तुमी घरात वाचत बसत होते तवा."

मला पत्ताच नव्हता. तिने आरशात पाहत गाडी उलटी घेतली आणि एका दमात चार खांबांच्या मधोमध आणून थांबवली. कुठे घासली नाही.

"माही सून हाय," काकू ओट्यावरून इंजिनियरला म्हणाल्या.

"शिकली आमच्या घरी," मी म्हणालो. पत्नी गेल्यापासून इतक्या मोठ्याने मी बोललो नव्हतो.