रुई किती, सरकी किती

माझ्या मामेसासऱ्यांइतकं माणसाला आरपार पाहणारं अख्ख्या संभाजीनगरात कुणी नसेल, आणि मला इतकं गोंधळात टाकणारंही. उभी हयात त्यांनी सिल्लोडला जिनिंगच्या कारखान्यात कापूस पारखण्यात घालवली. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस चुरगाळायचा आणि यातून धाग्याची रुई किती निघेल, बियांची सरकी किती, हे सांगून मोकळं व्हायचं. निवृत्त होऊन गारखेड्यात आले, कापूस मागं राहिला, पण हात काही शांत बसेना. मग त्यांनी माणसं धरली.

निमित्त झालं क्रांती चौकाजवळच्या एका जिममधल्या यंत्राचं. त्यावर अनवाणी उभं राहिलं की ते वजनाची फोड करून देतं, चरबी एवढी आणि बाकी शरीर एवढं. मामांना वाटलं, हे तर आपलंच काम! "जावईबापू, तेल कशातून निघतं? सरकीतून. म्हंजे चरबी ही सरकी. ती वगळून उरली ती रुई."

"मग हाडं?"

"रुईत."

"आणि अंगातलं पाणी?"

"तेबी रुईतच. पण वरून मारलेलं नाय!"

इथं माझं डोकं जे थांबलं, ते अजून चाललेलं नाही. पाणी मारून कापसाचं वजन वाढवणारे त्यांनी जन्मभर पकडले होते. त्यामुळे त्यांच्या घरी पाहुण्याला वजनकाट्यावर उभं केल्याशिवाय पाण्याचा तांब्या मिळत नसे. पुढं कमरेला टेप, दंडाला चिमटा आणि लगेच निकाल. माझा निकाल असा होता : "पोटात निव्वळ सरकी हाय, पण पोटऱ्या लांब धाग्याच्या!" यावर खूश व्हावं की लाजावं, ते मला कळलं नाही. बायकोलाही कळलं नाही, पण ती हसली.

गेल्या वर्षी मामी तापानं महिनाभर अंथरुणावर होत्या. वजन पार उतरलं. मामांनी शिरा आणि लाडू चारचारून ते पुन्हा होतं तिथं आणलं आणि गल्लीत पेढे वाटले. पण मामींना पूजेला बसलं की देवापुढून उठता येईना. "वजन भरलं की तुझं, मग काहून उठंना?" असं मामा चिडून विचारत. शेवटी त्यांनी मामींना त्या यंत्रावर नेलं, सोबत मीही होतो. वजन तेवढंच निघालं, पण मांस झडून त्याच्या जागी चरबी आली होती. वजन तेच असताना आतलं माणूस बदलतं कसं, हे मी मामांना विचारलं. जिना उतरताना ते म्हणाले, "जल्मभर लोकांच्या गाडीत हात घातला. घरचा माल नुस्ता तोलून घेतला."

परवा गेलो तर दारातच पाणी मिळालं. टेप नाही, चिमटा नाही. पाणी प्यालो खरं, पण मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. आत मामी डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम करत होत्या, खुर्चीत बसायचं आणि हात न टेकता उठायचं. मामा शेजारी उभं राहून मोजत होते. सातव्यांदा मामी उठल्या, तसे ते ओरडले, "बघा जावईबापू, हात नाय टेकला!"

"अहो, मग माझा दंड सोडा की," मामी म्हणाल्या. "अजून पारखताय व्हय?"

"नाय," मामा म्हणाले, आणि दंड धरूनच उभे राहिले.