टेपचा कान

त्याला शीमामा हे नाव त्याच्या भाचीने ठेवलं आणि गॅरेजातल्यांनी ते उचलून धरलं. कोणत्याही गाडीचं वायरिंग उघडलं की त्याच्या तोंडून पहिला शब्द निघे तो "शी!" तीस वर्षं तो हेच काम करत होता. आधी ट्रकांचं, मग हौशी लोक मोटारहोम घ्यायला लागल्यावर त्या चाकांवरच्या घरांचं. आणि आधीच्या वायरमनने शेण खाल्लेलं नाही अशी एकही गाडी त्याला आजवर भेटली नव्हती.

स्वतःच्या कामाचा मात्र भारी तोरा. वायरीवर टेप गुंडाळून झाली की तो तिचं टोक दुमडून छोटासा कान ठेवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला नखाने कुरतडत बसायला नको. हे त्याच्या उस्तादाने शिकवलेलं. गॅरेजात दुसरं कुणी ते करत नसे. "कान दिसला की समजायचं, इथे माणसाने काम केलंय," असं तो येता-जाता ऐकवी. बाकीचे कोण, ते सांगायची गरज नसे.

भावोजी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आणि ताईने भाड्याचं घर सोडलं आणि तीन हात फिरलेली एक हिरवी मोटारहोम घेतली. आता तेच घर. पण पहिल्या रात्रीपासून ताईला करपल्याचा वास यायला लागला. भावोजी म्हणाले, तुझ्या नाकाचे चोचले. चार रात्री तिने ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी सकाळी ती दारातच उभी राहिली. "माझा भाऊ गाडी बघून हो म्हणत नाही, तोवर मी आत पाठ टेकणार नाही."

मामा आला. बाकाखालची फळी काढली.

"शी!"

झुरळांच्या लेंड्या, केसांचे पुंजके, त्यावर सांडून चिकट झालेलं कसलंतरी सरबत. वायरी दाताने सोलल्यासारख्या. त्याला खरोखर किळस आली. त्याने नाकाला रुमाल बांधला.

"वीज म्हणजे वीज. त्यात एवढं बघायचं काय?" भावोजींनी विचारलं.

"भावोजी, ह्या घरात दोन भाऊ वेगळे निघालेत. एक बॅटरी इंजिनची, ती फक्त गाडी चालू करून देते. दुसरी घराची, दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज सगळं तिच्या जिवावर. चुली वेगळ्या, म्हणून रात्रभर दिवे जाळलेत तरी सकाळी गाडी चालू होते. मुक्कामाला बाहेरची केबल लावली की घरातल्यासारखी वीज येते, ती तिसरी. आणि केबल नसेल तेव्हा हा इन्व्हर्टर घरच्या बॅटरीतून तशीच वीज बनवतो."

"त्याच्यावर आमची चहाची किटली झकास चालते."

"चालेल की. पण किटली बॅटरीला पिळून काढते. म्हणून बॅटरीला लागून जाडजूड फ्यूज असतो. भार झेपला नाही की तो मरतो आणि माणसं वाचतात."

"आमचा एकदाही नाही मेला हो," भावोजी कौतुकाने म्हणाले.

मामाचा हात थांबला. त्याने टॉर्च आत घातला. बॅटरीची जाड वायर तपकिरी पडून फुगली होती. मागची लाकडी फळी तळहाताएवढी काळी झाली होती.

"हरामखोर!" तो ओरडला. "फ्यूजच्या जागी भलतंच काहीतरी कोंबलंय. अरे, आत माणसं झोपतात! ताई, तुझं नाक शहाणं म्हणून वाचलात. हा गाढव सापडू दे, हीच वायर त्याच्या गळ्यात घालतो."

फ्यूजच्या खोक्यावर काळी टेप होती. ती सोडवायला त्याचं नख सवयीने टोकाकडे गेलं आणि टोक अलगद हातात आलं. कान होता.

आत तांब्याची पट्टी निघाली. चारही कोपरे कानशीने घासून गोल केलेले. कसं सुबक काम! मामाला सगळं आठवलं. तेव्हा हीच गाडी पांढरी होती. तेव्हाचा मालक बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, त्याला दुपारीच निघायचं होतं. किटली लावली की फ्यूज जाई, आणि मामाच्या सामानात दुसरा फ्यूज नव्हता. दोन दिवसांपुरती ही पट्टी लावतो, परत आलात की नीट फ्यूज बसवू, असं मामाच त्याला म्हणाला होता. तो परत आला नाही आणि मामा विसरून गेला, त्याला आठ वर्षं झाली.

"कळलं का कुणाचं काम?" भावोजींनी विचारलं.

पट्टी खिशात टाकायला एक क्षण पुरला असता. मामाने रुमाल सोडला.

"माझं आहे."

भावोजी उगाच हसले. ताई मोरीपाशी उभी होती. तिने किटलीतलं पाणी ओतून टाकलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

"चार रात्री झोपले मी ह्याच्यावर," ती म्हणाली. "मग आता म्हण की."

"काय?"

"लोकांचं काम उघडलं की म्हणतोस ते."

मामाने तोंड उघडलं. करपल्या वायरीचा वास तेवढा घशात भरला.