ऑर्विलचं लांब गाणं

ऑर्विल, हे तुलाच लिहितेय. पण तुझ्याशी बोलायला लागलं की तू मध्येच तोंड घालतोस, म्हणून तू इथे नाहीसच असं समजून तुझी हकीकत सांगते. गप ऐक.

नॉर्थ डकोटातल्या आमच्या एल्म फोर्क्सच्या रेडिओवर ऑर्विल टोलेफसन जुनी गाजलेली गाणी लावतो. निवेदक तोच, हवामान सांगणारा तोच, केर काढणाराही तोच. सकाळी एक लांबलचक गाणं लागलं की गाव ओळखतं, स्वारी समोर जोलीनच्या कॅफेत कॅरमल रोल हाणायला गेली. गाण्याच्या शेवटी ड्रम बडवायला लागले की जोलीन ओरडते, "ऑर्विल, बोटं काय चाटतोस, पळ!"

त्या गुरुवारी मात्र पोटावरच पाय येणार होता. मालक क्लेटनने आदल्याच दिवशी बजावलं होतं, "पुन्हा रेडिओ मुका झाला, तर तुझ्या जागी कंप्युटर. त्याला रोल लागत नाहीत." तरी हा गेलाच. स्टेशनचं दार आपसूक कुलूपबंद होतं, म्हणून फटीत काहीतरी अडकवायला हवं. याने काय अडकवावं? श्रोत्यांच्या स्पर्धेचं बक्षीस, गोठवलेलं अख्खं हॅम, डुकराची तंगडी!

परत येतो तर दार बंद, आणि कुणाचा तरी कुत्रा बक्षीस ओढत चाललेला. किल्ली कोटात, कोट आत. दारावरच्या कर्ण्यातून ड्रम सुरू झाले होते.

तेवढ्यात त्याला चर्च आठवलं. रविवारची प्रार्थना रेडिओवर लावायला ऑर्विलला वेळेवर जाग येत नाही, म्हणून चर्चच्या माइकचं बटण दाबलं की चालू गाणं तोडून तिथलाच आवाज रेडिओवर जातो. आळशाने स्वतःच करून ठेवलेली सोय! नुसत्या शर्टावर तो बर्फातून धावत सुटला.

चर्चमध्ये मी ऑर्गनचा सराव करत होते. तळघरात बायका जेवणावळीसाठी लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटत होत्या.

"आर्डिस, अगं, काहीतरी जुनं वाजव!"

"इथलं सगळंच जुनं आहे."

"नाचता येईल असं गं बाई!"

त्याने बटण दाबलं आणि दिलं ठोकून, "श्रोतेहो, आजचा खास कार्यक्रम, थेट चर्चमधून!" मी नाचाचं गाणं धरलं. बायका लाटणी घेऊनच वर आल्या.

"हे माझ्या लग्नात वाजलं होतं!" बर्निस किंचाळली.

"आणि ते ऐकून नवरा पळाला होता!" दुसरी म्हणाली.

"पळाला नव्हता गं भवाने, गाडी काढायला गेला होता!"

सगळं गावभर ऐकू गेलं. थोड्याच वेळात शेजारच्या गावाहून क्लेटन येऊन थडकला. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या," ऑर्विल कुडकुडत म्हणाला.

"झकास! दर गुरुवारी करायचं. पण तुझा कोट कुठाय?"

"कोट आत कोंडलाय आणि हॅम कुत्र्याने नेलं," बर्निसने सांगून टाकलं. माइक अजून चालूच होता.

क्लेटन लाल झाला, मग बाकावर बसून हसत सुटला. स्वतःच्या किल्लीने त्याने स्टेशन उघडून दिलं. "कंप्युटरचं राहू दे. पण उद्याच्या उद्या आणखी एक किल्ली करून आर्डिसकडे ठेव."

ऑर्विल, किल्ल्या करणारा जोलीनच्या भिंतीला लागून बसतो. रोल खाऊन परतताना तुझा खांदा त्याच्या दाराला घासतो. तुझ्या किल्लीसाठी मी माझ्या घरी दाराजवळ ठोकलेला खिळा अजून रिकामाच आहे.