शेवटच्या घराचे व्होल्ट

आमच्या गल्लीतली विजेची तार जिथं संपते, ते मीटरमास्तरांचं घर. मास्तर म्हणजे शिकवणारे नव्हेत हो, वायरमन. खिशात पेनाच्या जागी टेस्टर आणि खांद्याला व्होल्ट मोजायचं मीटर, म्हणून हे नाव. माझं घर त्यांच्या घराला लागून, त्यामुळे त्यांच्याकडचं खोकणं, भांडणं, हसणं सगळं मला भिंतीतून ऐकू यायचं.

माणूस कामाला पक्का, पण गणित सांगितल्याशिवाय स्क्रूसुद्धा पिळणार नाही. माझी पाणी तापवायची शेगडी संध्याकाळी नुसती कोमट व्हायची, म्हणून त्यांना बोलावलं, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं सुरू!

"वहिनी, इकडे बघा. कॉइल दोनशेवीस व्होल्टला पाच अँपियर घेते. व्होल्टला अँपियरनं भागा, रोध आला चव्वेचाळीस. रोध म्हणजे कॉइलचा हट्ट, तो काही सुटत नाही. आता तुमच्याकडे येतात एकशेशहात्तर व्होल्ट. त्याला चव्वेचाळीसनं भागा, चारच अँपियर. आता गुणा, म्हणजे वॉट. अकराशे हवेत, मिळतात सातशेचार. पाणी कसं तापणार?"

"अहो, पाण्याचं राहू द्या, माझं डोकं तापलं! उपाय सांगा."

उपाय म्हणजे स्टॅबिलायझर. कमी व्होल्ट आत घेतो आणि पुरे करून बाहेर देतो तो डबा. बसवला आणि पाणी खळखळा उकळलं. मग काय, एकीचं पाहून दुसरीनं, दुसरीचं पाहून तिसरीनं. गल्लीत घरोघरी डबे लागले, सगळे मास्तरांच्या हातचे. त्यांची बायको शिवणकाम करायची, आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "सगळ्या गल्लीला उजेड दिलात, आमच्या दिव्याकडे बघा जरा. सुई ओवता येईना." मास्तर हसायचे. आम्हीही हसायचो.

मग अक्काची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी घरी हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र ठेवायला सांगितलं. दिवसा ते छान घरघरायचं. संध्याकाळी घराघरातून बटणं दाबली गेली की ते किंचाळायचं आणि बंद पडायचं. मास्तरांनी त्यालाही स्टॅबिलायझर लावला. पण त्या डब्यालाही निदान एकशेसाठ तरी व्होल्ट लागतात, आणि शेवटच्या घरात तेवढेही उरेनात.

एका दुपारी मास्तर सरळ माझ्या स्वयंपाकघरात आले. जुनं गणित भिंतीवर तसंच होतं. त्याच्याखाली त्यांनी लिहिलं, अकराशे भागिले एकशेशहात्तर. सव्वासहा.

"वहिनी, आधी तुमची शेगडी चार अँपियर ओढायची. डबा बसवल्यापासून सव्वासहा ओढते. पुरे वॉट द्यायचे तर तो वाटेतून जास्तच ओढणार ना? आणि तारेलाही रोध असतो. जितकं ओढाल तितके व्होल्ट तारेतच जातात. घरटी तीन व्होल्ट." ते खाली बसले. "शेवटी कोण आहे, हे गणितात धरलंच नाही मी."

"पण बसवले कोणी सगळे?" मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. मेली ही जीभ! वीज कचेरीत मास्तर किती खेटे घालून आले होते. नवा ट्रान्सफॉर्मर मंजूर आहे, एवढंच उत्तर. तिथं त्यांनी हात टेकले होते.

त्या संध्याकाळी मास्तरांच्या मीटरचा काटा एकशेबावन्नवर. ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर संपलेला, दुसरा सकाळी येणार. अक्का उशीला टेकून तोंडानं श्वास ओढत होती आणि यंत्र नुसतं किंचाळत होतं. मास्तर अनवाणीच गल्लीत धावले. "तासभर डबे बंद ठेवा हो, हात जोडतो." माणसं वाईट नव्हती. मी बंद केला, समोरच्या निवृत्त गुरुजींनी केला, दूधवाल्यानं केला, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईनं केला. काटा चढला. एकशेचौसष्ट! यंत्र घरघरायला लागलं. अक्कानं डोळे उघडले आणि माझा हात दाबला. मला रडूच कोसळलं.

पण व्होल्ट आले ते काही एकट्या अक्काला आले नाहीत. सगळ्या गल्लीचे दिवे उजळले. गुरुजींना वाटलं, चला, लाइट सुधारली, झालं काम. त्यांनी डबा चालू केला. काटा तीननं उतरला. दूधवाल्यालाही तसंच वाटलं. पुन्हा तीन. यंत्र किंचाळलं.

"बंद करा रे! अजून बंदच ठेवा!" मी रस्त्यावर उभी राहून ओरडले. घसा फुटला माझा. गुरुजी धावत आत गेले, त्यांनी बंद केला, तेवढ्यात वरच्या अंगाला आणखी कुणीतरी काहीतरी चालू केलं. कुणाकुणाच्या दारात जायचं? थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात. आटतंही तसंच. मास्तर एक हात अक्काच्या पाठीवर ठेवून मीटरकडे बघत होते. गल्लीतल्या प्रत्येक घराचा हिशोब त्यांना पाठ होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

सकाळी सिलिंडर आला. तो आणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवलं.

दुपारी अक्काला चौघांनी खांद्यावरून नेलं. संध्याकाळी गल्लीत कुणी बटणाला हात लावला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, पण लावला नाही. मास्तर रिकाम्या खाटेशी बसले होते, मी दारात होते. कालच्या धांदलीत यंत्राचं बटण चालूच राहिलं होतं. रात्री घराचा मेन स्विच पाडला होता, तो मी दिव्यापुरता वर केला.

यंत्र आपोआप घरघरायला लागलं. खाटेवरच्या नळीतून फुसफुस हवा यायला लागली.

मास्तरांनी मीटरकडे बघितलं. "दोनशे चौदा," ते म्हणाले.

मी बंद करायला पुढे झाले, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या, वहिनी."