खाच पडलेला पंख

गिधाड हा काही जीव लावावा असा पक्षी नाही. मान बोडकी, चोच कायम मढ्यात. माझ्या लहानपणी घरावर गिधाड बसलं तर माणसं घर सोडायची, शांती केल्याशिवाय आत पाय ठेवत नसत. तरी गेल्या हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मी एका गिधाडाच्या पिल्लापायी वेडा झालो होतो, आणि ते सांगायला बसलोय. कड्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं की रविवारी लोक डबे घेऊन येतील आणि मोठ्यानं गाणी लावतील. नाशिकहून त्र्यंबकला जाताना डाव्या हाताला जे डोंगर लागतात त्यातला एक, एवढं पुरे.

मी जन्मभर टेम्पो चालवला. सिन्नरचे टोमॅटो, घोटीचा तांदूळ, जो माल मिळेल तो. शाळा चौथीपर्यंत. फोटो म्हणजे माझ्यासाठी एक आधार कार्डावरचा, नाहीतर लग्नातला. बायको गेली त्यानंतर मी गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागलो आणि बसूनच राहिलो. दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातून मुलाचा जुना कॅमेरा निघाला. लांबचं जवळ आणणारा, हौसेनं घेतलेला, मोबाइल आल्यापासून पडलेला. सुनेनं तो माझ्या मांडीवर ठेवला.

"नाना, हा घ्या आणि बाहेर जा."

"मी काय करू याचं?"

"काहीपण करा. दिवसभर त्या खुर्चीत बसून तुमचं तोंड खुर्चीसारखं व्हायला लागलंय."

तोंडाची फाटकी आहे, पण पाठीमागे एक आणि पुढे एक असं तिचं नसतं. मला ती आवडते.

मुलानं शिकवलं. बटण अर्धं दाबायचं, चित्र साफ होईपर्यंत थांबायचं, मग पुरतं दाबायचं. हे मला लगेच जमलं. चढावर क्लच असाच सोडतात. बाकीची चिन्हं कशाची आहेत ते मला आजही कळत नाही आणि मी विचारतही नाही.

पहिले काही दिवस मी रस्त्याच्या कडेचे बगळे काढले. मग एकदा स्कूटर डोंगराच्या पायथ्याशी लावून पहाटेच वर चढलो. याच रस्त्यानं मी निम्मं आयुष्य गाडी हाकली होती, पण चालवणारा माणूस रस्ता बघतो, डोंगर नाही. त्या सकाळी खालचं सगळं खोरं धुक्यानं भरलेलं होतं, भांड्यात दूध भरावं तसं काठोकाठ. वर नुसती डोंगरांची डोकी. सूर्य आला तेव्हा पहिला उजेड समोरच्या कड्यावर पडला आणि काळा दगड तांबूस झाला. मला वाटलं, हे रोज होत होतं? मी खाली टोमॅटोचे क्रेट मोजत होतो तेव्हापण?

त्या कड्यावर चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ होते. कॅमेरा डोळ्याला लावून लांबचं जवळ ओढलं, तर एका कपारीत गिधाड. उजेड अंगावर घेत पंख उघडून उभं होतं. एवढा मोठा पंख मी कधी पाहिला नव्हता. दाराची दोन्ही कवाडं उघडावीत तसा. मग ते पुढं झुकलं आणि कड्यावरून सुटलं. फडफड नाही, काही नाही. गोल फिरत वर गेलं, अन् माझ्या डोक्यावरून जाताना पिसांतून वाऱ्याचा आवाज आला, नवी चादर झटकावी तसा. मी लोकांना वळणं घेताना आयुष्यभर बघितलंय, पण असं वळण कुणी घेतलेलं बघितलं नाही.

तिथेच शेळ्या घेऊन एक म्हातारी यायची. पायथ्याच्या पाड्यावरची, माझ्याच वयाची. मला बघून तिनं काठी टेकली.

"काय रं बाबा, कुनाचं लगीन हाय वर? फोटू काढाया आलास त्यो?"

"गिधाडाचा काढतोय."

"गिधाडाचा! मला फोटूला उभं केलं तर नवं लुगडं नेसाय लावत्यात. अन् ह्ये उघड्या मानंचं, ह्येचा फोटू!" ती एवढी हसली की शेळ्या बिचकल्या.

मग आम्ही रोजचे झालो. मी कड्यासमोरच्या डोंगराच्या सोंडेवर दगडाला टेकून बसायचो. कड्याच्या जवळ जायचं नाही, हे मुलानं मोबाइलवर वाचून बजावलं होतं. जवळ गेलं तर ती अंडं सोडतात. वर्षाला एकच अंडं घालतात. दोघं मिळून उबवतात, दोघं मिळून भरवतात. एक गेलं की दुसरं बसणार. नर कुठला, मादी कुठली, ते बघून कळत नाही. दोन्ही सारखीच कुरूप.

संक्रांत झाली आणि कपारीत पांढरं काहीतरी हललं. फोटो मोठा करून बघितला तर पिल्लू. कापसाची गाठोडी, तिला एक काळपट चोच. मोठं गिधाड आलं, वाकलं, आणि त्यानं आपल्या गळ्यातलं अन्न पिल्लाच्या चोचीत सोडलं. इतक्या हलक्या हातानं, हात म्हणायचं तर. ज्या चोचीनं बैलाचं कातडं फाटतं त्याच चोचीनं. मी ते कॅमेऱ्यात परत परत बघितलं. संध्याकाळी घरी टीव्हीला जोडून बघितलं. सून हळदीकुंकवाचं ताट लावत होती.

"नाना! सणासुदीचं, बायका येतायत, अन् टीव्हीवर गिधाड?"

"भरवतंय बघ की लेकराला."

तिनं ताट हातात धरूनच बघितलं. मग म्हणाली, "बायका यायच्या आत बंद करा," आणि उभीच राहिली.

पुढं माघात एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि तीसुद्धा टीव्हीवर. मी त्या आठवड्यातले उडतानाचे फोटो ओळीनं बघत होतो. एका पंखात, कडेच्या मोठ्या पिसांमध्ये, एक पीस नव्हतं. कंगव्याचा दात पडावा तशी खाच. पुढचा फोटो, तीच खाच. त्याच्या पुढचा, तीच. सकाळचा, दुपारचा, आदल्या दिवशीचा. मग मी जुने उघडले. थंडीतल्या फोटोंत दोन पक्षी साफ दिसत होते, एक खाचेचं आणि एक भरल्या पंखाचं. आता सगळ्यांत खाचेचंच होतं. डोंगरावर बसून मी रोज समजत होतो की पाळी बदलतेय. पाळी बदलतच नव्हती. एकटंच ये-जा करत होतं.

मी टीव्ही बंद केला. सुनेनं विचारलं काय झालं. म्हटलं, त्यातलं एक गेलं. कशानं ते देव जाणे. मुलगा म्हणाला, जनावरांना दुखण्याचं इंजेक्शन देतात, तसलं जनावर मेलं आणि यांनी खाल्लं तर हे मरतात. असेल. विजेची तारही असेल. कुठल्यातरी माळावर पडलं असेल, कुणी पाहिलंही नसेल.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. पिल्लू अजून अर्धंकच झालं होतं, उडायला उन्हाळा लागणार. खाणं आणायला गेलं तर पिल्लू उघड्यावर, बसून राहिलं तर पिल्लू उपाशी. एकट्यानं हे व्हायचं कसं? मी म्हातारीला विचारलं.

"मला काय ठावं? मी काय गिधाड हाय?" ती म्हणाली. मग एक शेळी वळवून, "मी वाढिवली तीन. येकलीनं. पर मला शेजार हुता."

"तुमच्याकडं जनावर मेलं तर टाकता का माळावर?"

"टाकतो की. पर माज्या शेळ्यांवर डोळा ठिवू नको हां."

आणि मग मी येड्यासारखं एक केलं. बायकोचं वर्षश्राद्ध आलं. तिच्या दहाव्याला गोदेच्या काठी कावळा शिवला नव्हता. बाईनं आयुष्यभर गच्चीवर कावळ्यांना पोळी घातली, आणि तिच्या पिंडाला एक येईना. सगळे म्हणत होते, काहीतरी इच्छा राहिली असेल, तुम्ही शब्द द्या. मी काय काय शब्द दिले. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला. ते मला वर्षभर टोचत होतं. वर्षश्राद्धाचा घास गच्चीवर ठेवला, तिथंही कावळा नाही. मी ती पत्रावळ उचलली, पिशवीत घातली आणि डोंगरावर गेलो. म्हटलं, पक्षी तो पक्षी. तिचा घास त्याच्या तरी पोटात जाऊ दे, त्यालाही आधार होईल. दगडावर पत्रावळ मांडून मी लांब जाऊन बसलो.

म्हातारीनं येऊन बघितलं. "खीर? वडं? आरं बाबा, त्ये काय जावई हाय तुजा? मढं खातंय त्ये. वड्यानं त्याचं काय भागायचं?"

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. घास कुणाचा ते मी तिला सांगितलं. ती शेळ्या वळवून माझ्याजवळ येऊन बसली. गिधाड वरून एक फेरी मारून गेलं, खाली बघितलंसुद्धा नाही. आणि मग झाडीतून कावळे आले. एक, मग दोन, मग सांगता येणार नाही इतके. खीर सांडली, वड्यावरून भांडणं झाली, पत्रावळ उलटी झाली. म्हातारी माझ्याकडं बघत होती. मी एकही फोटो काढला नाही. जेवणाऱ्याचा फोटो काढू नये.

पण कपारीतलं कोडं तसंच होतं. चैत्रात दगड तापले. दुपारी सगळी कपार भाजून निघायची. पिल्लाचा कापूस झडून करडी पिसं आली. कधी कधी खाचेचं गिधाड दिवसभर यायचं नाही आणि पिल्लू चोच उघडी टाकून एकटं बसलेलं असायचं. मी पाण्याची बाटली काढायचो आणि परत ठेवायचो, त्याच्या समोर पिणं बरं वाटायचं नाही. मग कधीतरी ठिपका दिसायचा, मोठा व्हायचा. गळ्याची थैली भरलेली असली की माझाही जीव भरायचा. रिकामी असली की मी घरी जाऊन नीट जेवायचो नाही. सुनेला ताटावरूनच कळायचं. "आज उपाशी का दोघं?" ती विचारायची. दोघं म्हणजे पिल्लू आणि मी.

फोटो बघता बघता एक कळलं. ते गिधाड वाळत चाललं होतं. छातीचं हाड दिसायला लागलं होतं. पण पिल्लू भरत होतं. ज्या दिवशी हे मी ओळीनं लावून बघितलं त्या दिवशी मला देव, धर्म, कशाचंच काही सुचलं नाही. त्या गिधाडाला कुणी शब्द द्यायला लावला नव्हता. कुणी बघतही नव्हतं, मी सोडून.

अक्षय्य तृतीया होऊन गेल्यावर एका सकाळी खूप वारा होता. पिल्लू कपारीच्या कडेला येऊन पंख मारत होतं, तसं ते आठवडाभर मारत होतंच. मी अर्धं बटण दाबून बसलो होतो. वाऱ्याचा एक झोत आला आणि ते कडेवर राहिलंच नाही. उडालं म्हणवत नाही. सुटलं, कलंडलं, पाय लोंबकळत खाली गेलं, माझ्या तोंडून आवाज निघाला, आणि मग पंखांत वारा भरला. एवढाले ते पंख. पहिल्यांदाच पूर्ण उघडलेले. त्यानं एक वाकडी फेरी घेतली आणि कपारीच्या खूप खाली, उंबराच्या झुडपामागच्या दगडावर जाऊन आदळल्यासारखं बसलं.

थोड्या वेळानं खाचेचं आलं, थैली भरून. कपारीत उतरलं. कपार रिकामी. त्यानं मान इकडं केली, तिकडं केली. आत गेलं, बाहेर आलं. कडेवर येऊन लांब बघायला लागलं. खाली बघेना. झुडपाआड पिल्लू चिरकत होतं, पण वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार?

मी उभा राहिलो आणि ओरडलो, "अरे खाली! खाली बघ!"

म्हातारी शेळ्या टाकून धावत आली. काय झालं ते तिला दिसलं. तीही ओरडायला लागली, "अगं खाली हाय तुजं! खाली बग!"

"'अगं' काय म्हणता, तो बाप आहे."

"तुला रं काय ठावं? आय हाय ती."

"बाप आहे!"

"बरं, तू अरे म्हन, मी अगं म्हन्ते. जे आसंल ते ऐकंल."

आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या सोंडेवर उभी राहून गिधाडाला हाका मारत होतो. मुलानं बजावलेलं सगळं विसरलो होतो. आमच्या हाकांनी काही झालं असं मी म्हणत नाही. पण ते कडेवरून सुटलं, एक मोठी फेरी घेतली, फेरी खाली खाली आली, आणि ते उंबराच्या झुडपापाशी पिल्लाच्या शेजारी उतरलं. पिल्लू अंगाला अंग लावून आता जवळजवळ त्याच्याएवढंच दिसत होतं. त्यानं मान वाकवली आणि भरवलं.

म्हातारी खाली बसली, पदरानं तोंड पुसलं. "झालं बाबा. पांग फिटलं त्येचं," म्हणाली.

त्या दिवसाचे माझे सगळे फोटो हललेले आहेत. मी ओरडत होतो आणि बोट बटणावरच होतं. कशात नुसता दगड आहे, कशात आभाळ तिरकं, एकात दोन करडे डाग एकमेकांना टेकलेले. मुलगा म्हणाला, नाना, हे पुसून टाकू का, कार्डात जागा होईल. सुनेनं त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. तो डागांचा फोटो तिनं दुकानातून मोठा करून आणला आणि हॉलमध्ये लावला, सासूच्या फोटोच्या शेजारी. आल्या-गेल्यानं विचारल्यावर ती स्वतःच सांगते, काय आहे ते. मी गॅलरीतून ऐकतो. ती म्हातारीसारखं 'आई' म्हणते. मी तिथूनच ओरडून 'बाप' म्हणतो.