डावा कोपर, उजवा कोपर

सोमवार, सकाळचे साडेदहा. तपासणी फी तीनशे रुपये. राहुरीतल्या माझ्या दवाखान्यात आम्ही चौघं: मी, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या सुमनबाई, त्यांचे यजमान भगवानराव आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष तात्या.

"मॅडम, पालक म्हणत्यात बाईला नायटा हाय," तात्या म्हणाले. "पोरांना लागंल. दुसरी बाई बघा."

दोन्ही कोपरांवर लाल, जाड चट्टे होते. वर चंदेरी पापुद्रा. मेडिकलमधून नायट्याची मलमं आणून झाली होती. मी पापुद्रा खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिला. नायटा बुरशीमुळे होतो. इथे बुरशी नव्हती. हा सोरायसिस. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच कातडीवर उठते, कातडी भराभर तयार होते आणि थर साचतो. मुळातून जात नाही, आटोक्यात राहतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

"बारा वर्सं एका वाकळंत झोपतोय," भगवानराव म्हणाले. "मला कुठं झालं?"

"यांचं घोरनं मला लागलं न्हाई, तसंच," सुमनबाई म्हणाल्या.

मी चट्ट्यांसाठी मलम लिहून दिलं आणि 'संसर्गजन्य नाही' असं सर्टिफिकेट दिलं. तात्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. "कागद ठीक हाय. पन पालकांना डोळ्यांनी दिसाय पायजे. म्हयनाभर थांबतो."

चार आठवड्यांनी तेच चौघं. उजवा कोपर साफ, नुसता फिकट डाग. डावा जसाच्या तसा. मला काही उमजेना. पुन्हा खरवडलं. बुरशी नाहीच.

"मलम दोन्हीकडे लावता ना?"

सुमनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "ह्यांनी लावू दिलं न्हाई."

भगवानराव वीस वर्षं कृषी विद्यापीठाच्या प्रयोगाच्या शेतात मजूर आहेत. "डावा कंट्रोल हाय," ते शांतपणे म्हणाले. "औषध मारताना एक वाफा कोरा ठेवायचा असतो. न्हाईतर गुन औषधाचा का हवेचा, कळनार कसं?"

मी रागवणार होते. पण तात्या दोन्ही कोपर शेजारी धरून, चष्मा वरखाली करत पाहत होते.

"म्हयनाभर एकाच अंगाला हायती," ते म्हणाले. "डाव्याचं उजव्याला परत लागलं न्हाई, तर पोरांना काय लागतंय?"

शास्त्र म्हणून पुरावा कच्चा होता. निष्कर्ष बरोबर होता, म्हणून मी मान डोलावली.

तेव्हापासून चिठ्ठीवर मी 'दोन्ही बाजूंना' असं लिहून खाली रेघ मारते. त्या दिवशी फेरतपासणीचे दीडशे रुपये भगवानरावांनी मला दिले. शाळेचं पुढच्या महिन्याचं अडीच हजार मानधन सुमनबाईंच्याच खात्यावर जमा झालं.