साहेबांना आणायला कोण गेलंय?

डेपोत त्याला सगळे भिंगरी म्हणत. जन्मभर बस चालवली, पण शेवटच्या थांब्यावर गाडी उभी राहिली की याला सीटवर बसवायचं नाही. खाली उतरून टायरला लाथ मारेल, काच पुसेल, कंट्रोलरशी हुज्जत घालेल, पण बूड टेकणार नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर घरात काय करणार? बायको घरीच शाळेचे गणवेश शिवायची. मशीन खोलीच्या मधोमध, आणि हा मशीनभोवती फेऱ्या मारायचा.

"अहो, तुमच्या वाऱ्यानं कापड उडतंय," ती म्हणायची. "कुठेतरी जा बाई एकदाचे! ध्यानाला जा, नाहीतर चालायला जा. पण जा."

ध्यानाचा हॉल मागच्याच गल्लीत होता. एक निवृत्त नर्स तो चालवायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत. भिंगरी डोळे मिटून बसला, पण डावा पाय आपोआप क्लच दाबायला लागला. ताई म्हणाल्या, श्वासाकडे लक्ष द्या. याचं लक्ष पंख्याकडे. पंखा कुरकुरत होता. बाकीची मंडळी शांततेत बुडालेली असताना यानं स्टूल ओढलं आणि पंख्याला तेल घालायला वर चढला.

ताईंनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं.

"तुमच्यानं बसणं व्हायचं नाही."

"मग माझं कसं व्हायचं, ताई?" त्यानं विचारलं, आणि ते त्यानं अगदी कळवळून विचारलं होतं. आत काहीतरी सारखं ढवळत असायचं, आणि ते काय आहे हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

ताईंनी खिशातून किल्ली काढली. "हॉलची व्हॅन आहे. ज्यांचं कुणी नाही अशा आजारी लोकांना डायलिसिसला न्यायचं आणि परत घरी सोडायचं. पगार नाही, चहा मिळेल. तेच तुमचं ध्यान समजा."

भिंगरीनं किल्ली घेतली खरी, पण स्वभाव कुठे ठेवणार? जिन्याखाली उभं राहून हॉर्न मारायचा. म्हाताऱ्यांना "चला, चला, पुढे सरका" म्हणायचा. पुण्यसुद्धा वेळापत्रकात बसवून उरकायचं, असा सगळा मामला. तरी लोकांना तो आवडायचा. गाडीत चढवताना त्याचा हात पक्का असायचा आणि खड्डा आला की तो गाडी अशी काढायचा, की मागच्याचं डोकं हलू नये.

मग एका सकाळी नव्या पत्त्यावर दार उघडलं आणि आतून साहेब बाहेर आले.

डेपोचे साहेब. वाळून काठी झालेले, अंगात ढगळ स्वेटर, पण चष्म्यावरून बघण्याची तऱ्हा तीच. भिंगरीच्या डोक्यात तिडीक गेली. याच माणसाच्या एका अहवालानं त्याची नोकरी जवळजवळ गेली होती. उतारावर ब्रेक लागले नाहीत आणि बस खांबावर आदळली. ब्रेक खराब असल्याचं तो सकाळीच सांगून आला होता. अहवालात मात्र आलं, 'चालकाचा निष्काळजीपणा'. निलंबनाच्या त्या काळात घर बायकोच्या मशीनवर चाललं. मुलीचा क्लास सुटला. शेजारी विचारायचे, "प्यायला होतात का हो?"

साहेबांनी ओळख दाखवली नाही. मागच्या सीटवर जाऊन बसले. भिंगरीनंही तोंडाला कुलूप लावलं. पण आता त्याचं खाण्यात लक्ष लागेना. भाजी चिरायला घेतली तर ती अर्धी टाकून उठायचा. ताईंना सांगावं, हे गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाला द्या, असं दहादा मनात यायचं. आणि सांगायला गेला की जीभच उचलायची नाही. सांगितलं असतं तर साहेब जिंकले असते, असं काहीतरी त्याच्या डोक्यानं घेतलं होतं.

शेवटी एकदा सिग्नलला गाडी थांबली असताना त्याच्या तोंडून निघून गेलं. "साहेब, ब्रेकचं मी तुम्हाला सकाळीच सांगितलं होतं."

मागून साहेब म्हणाले, "सांगितलं होतंस. वरून जसं सांगितलं, तसं मी लिहिलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं." साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. "हिरवा झालाय. चल."

त्यानं त्यांना डायलिसिसला सोडलं. दार जरा जोरातच लावलं. आणि दुपारी आणायची वेळ झाली तेव्हा व्हॅन स्वतःच्या घराच्या दारात लावून तो वर आला.

बायको मशीनवर होती. त्यानं उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. त्याला वाटलं, हिला तरी कळेल. त्या दिवसांत हिचीच बोटं सुईनं फुटली होती.

मशीन थांबलं. तिचा चेहरा लाल झाला. मग तिनं विचारलं, "साहेबांना आणायला कोण गेलंय?"

"कुणी नाही. बसू दे त्यांना."

"डायलिसिसच्या मशीनवरून उठलेल्या माणसाला धड उभं तरी राहता येतं का?"

तो हातातली किल्ली फिरवत राहिला.

"माझा राग माझ्यापाशी आहे, त्याचं मी बघते. आधी गाडी काढा." आणि ओढणी खांद्यावर टाकून ती त्याच्याआधी जिना उतरली.

साहेब दवाखान्याबाहेर पायरीवर बसले होते. चेहरा पांढरा पडलेला. तिनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"मी यांची बायको," तिनं सुरुवात केली. "तुमच्या त्या अहवालानं आमची काय दशा झाली ते ऐका. मुलीनं क्लास सोडला तेव्हा ती मला म्हणाली, बाबांनी मुद्दाम आपटली का गं बस? पोटच्या पोरीला असं विचारावंसं वाटलं. कुणामुळे?"

साहेबांनी तोंडावर हात धरला. त्यांना उलटी झाली. तिनं झटकन ओढणी पुढे धरली, दुसऱ्या हातानं त्यांचं कपाळ सावरलं आणि बोलणं मात्र थांबवलं नाही. "येऊ दे, सगळं बाहेर येऊ दे. आणि ऐकताय ना? माफ केलंय असं समजू नका. हं, पाणी प्या. हळू, ठसका लागेल."

आरशात भिंगरी हे बघत होता. त्यानं गाडी कडेला घेतली. इतक्या दिवसांत त्याला एकच वाटत होतं, की रागवायचं नाहीतर न्यायचं, यातलं एक काहीतरी करावं लागेल. बायको दोन्ही एकदम करत होती. तेही साहेबांच्या पाठीवर थोपटत.

संध्याकाळी तो ताईंकडे गेला आणि त्यांच्या टेबलावर किल्ली ठेवली. आजाऱ्याला मी मुद्दाम ताटकळत ठेवलं, म्हणाला.

ताईंच्या कपाळाला आठी पडली. "फार वाईट केलंत," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी तिघं आहेत. दुसरा ड्रायव्हर माझ्याकडे नाही."

तो किल्ली उचलून घरी आला.

पुढे साहेबांच्या दिवशी बायकोही गाडीत बसू लागली. कधी भांडायची, कधी त्यांच्या स्वेटरची उसवलेली बाही तिथेच टाके घालून द्यायची. साहेबांनी माफी अशी कधी मागितली नाही. एकदा मात्र, गाडीत आणखी दोन आजारी बसलेले असताना, ते अचानक मोठ्यानं म्हणाले, "या ड्रायव्हरची काही चूक नव्हती. ब्रेक खराब होते. मला ठाऊक होतं." त्या दोघांना काहीच कळलं नाही. हे वाक्य ऐकायला भिंगरीनं अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. आलं तेव्हा समोर एक ट्रक आडवा घुसत होता, आणि हा ओरडला, "घट्ट धरून बसा!"

हिवाळा संपता संपता साहेब गेले. त्या सकाळी भिंगरीला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. जेवताना त्याला एकदम भडभडून आलं, आणि बायकोनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी नव्या पत्त्यावर एक गाण्याच्या बाई होत्या. चौथा मजला, लिफ्ट बंद. "मला कुठेही यायचं नाही!" बाई आतून कडाडल्या. भिंगरी धापा टाकत दारात उभा राहिला, सवयीनं घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणाला, "बरं बाई. मग जरा पाणी तरी द्या, जिना फार आहे."